आखाजी स्पेशल

११ फेब्रुवारी १९९६, रविवार

ही डायरी कंपनीची. निळ्या रेक्झिनवर सोनेरी विमान आणि खाली ‘सूर्यकन्या एअरवेज’. कंपनीच्या सुरत ऑफिसचे आशिषसाहेब, त्यांनी आज स्वतः हातात दिली आणि म्हणाले, "भिकनभाऊ, चांगला एजंट रोजच्या घडामोडी टिपून ठेवतो." मी काही चांगल्यापेक्षा कमी एजंट नाही, म्हणून लगेच सुरुवात केली.

सुरतेत उधन्याच्या तीन रस्त्यावर माझं एसटीडीचं बूथ आहे. आजपासून त्याच बूथमध्ये एका बाजूला टेलिफोन आणि दुसऱ्या बाजूला विमान. म्हणजे तिकीट. सकाळी सुरतेहून मुंबई, संध्याकाळी मुंबईहून सुरत. विमान लहान आहे, पण पंखे दोन आहेत. नारळ फोडला, पेढे वाटले. प्रोसेसिंग मिलमध्ये मी पंधरा वर्षं रंगाच्या वाफेत काढली, तिथले जुने सोबती आले होते. सगळ्यांनी नव्या बोर्डावर रंगवलेल्या विमानाकडे मान वर करून पाहिलं.

माझ्या बायकोने, उषानेही पाहिलं. म्हणाली, "पेंटरनी बोंबील काढेल शे का?"

नव्या धंद्यात घरच्यांचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं.

१६ फेब्रुवारी

एजंटाला एक फेरी फुकट आहे. आशिषसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले, मुंबईला जाऊन या, गिऱ्हाइकाला अनुभव सांगता येईल. मी म्हटलं, काउंटर कोण सांभाळेल? उषा म्हणाली, मी सांभाळते. मी म्हटलं, तुला इंग्रजी स्पेलिंग येत नाही. ती म्हणाली, तुमचं मी पाहिलंय.

मला विमानाची भीती आहे असं तिने शेजारी सांगितलं आहे. भीती वगैरे काही नाही. मुंबईत माझं काम नाही, एवढंच.

३ मार्च, रविवार

आज डोक्यात जी कल्पना आली ती कंपनीच्या मोठ्या साहेबांनाही सुचली नसती.

धुडकू आला होता. हा आमच्याच गावाकडचा, अमळनेरच्या बाजूचा. आता इथे गोडादऱ्याला त्याचे स्वतःचे लूम आहेत आणि चालण्यात शेठपणा आलाय. म्हणाला, आखाजीला बहिणीला दादरहून आणायचं आहे, तिचं एक तिकीट दे. मी पेन उचललं आणि तेवढ्यात ती कल्पना आली. पेन खाली ठेवलं.

"धुडकूशेठ, एकच? आणि मुराळी कोण?"

त्याचा गोंधळ झाला. होणारच. सासरी गेलेली लेक आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी येते, झोके घेते, दोन दिवस कुणाचा हुकूम न ऐकता राहते. पण ती आपली आपण येत नाही. माहेरचा माणूस, शक्यतो भाऊ, मुराळी म्हणून तिला न्यायला जातो. तो दारात उभा राहिला की सासरच्या माणसांसमोर तिची मान वर होते. हे मी धुडकूला इतक्या कळकळीने समजावलं की फोन करायला आलेलं गिऱ्हाईकही ऐकत उभं राहिलं.

"नुसतं तिकीट धाडशी तं ती काय म्हणी? मन्हा भाऊले सवड नही, असंच ना?"

धुडकूने डोकं खाजवलं. जाताना एक तिकीट, येताना दोन, अशी तीन नेली.

संध्याकाळी बोर्डाखाली कापडी फलक लावून घेतला. ‘आखाजी स्पेशल. मुराळी जाईल विमानात, बहीण येईल मानात.’ १८ एप्रिलला जाणं, १९ ला येणं, २० ला आखाजी. उषाने फलक दोनदा वाचला आणि विचारलं, "आणि आपल्या आक्का?"

मी म्हटलं, बघू.

९ मार्च

आक्काचं मिटवलं.

आक्का म्हणजे माझी मोठी बहीण सरलाबाई. बोरिवलीला दिलेली आहे. आई लवकर गेली, तेव्हा माझं शेंबडं नाक तिनेच पुसलं. गेल्या आखाजीला ती आली नाही. त्या वेळी मला जमलं नव्हतं आणि एकटी यायला ती तयार नव्हती. या वर्षीही आली नाही तर शेजारच्या बायका बोलायला लागतील. शिवाय तिच्याशिवाय आखाजी म्हणजे नुसतं जेवण. तेव्हा मी तिच्यासाठी खिडकीजवळची सीट काढली आणि तिकीट पोस्टाने पाठवून दिलं. एकच. जाण्याचं नाही, फक्त येण्याचं.

उषा तिकिटाच्या पाकिटाकडे पाहत राहिली. "धुडकूशेठले तीन आन् आक्काले एक?"

मी तिला समजावलं की धुडकू गिऱ्हाईक आहे. मी एजंट आहे. एजंटाने विमानातली एक जागा अडवणं म्हणजे कंपनीचं नुकसान.

"कंपनीनं नुकसान?" ती म्हणाली आणि आत गेली.

१० मार्च

रात्री झोप नीट लागली नाही म्हणून हे लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात प्लेगची बातमी आली आणि सगळी सुरत मिळेल त्या गाडीने पळाली. मी उषाला आणि पोरांना घेऊन बोरिवली गाठली. आक्काचं घर दुसऱ्या मजल्यावर. जाळीचं दार बंद. आतून तिच्या सासूबाई म्हणाल्या, सुरतेची माणसं आत नकोत. जाळीच्या खालून पाण्याचा तांब्या बाहेर सरकवला. पोरं जिन्यातच प्यायली. सासूबाईंच्या मागे आक्का उभी होती, पदर तोंडात धरून. आम्ही तसेच उतरलो आणि गावाकडची गाडी धरली.

तेव्हापासून मी बोरिवलीला गेलेलो नाही. राग वगैरे नाही. वेळ मिळत नाही.

२२ मार्च

आक्काचा फोन आला. उषाने उचलला. आमच्या बूथमधून लोक कलकत्त्याला बोलतात, दुबईला बोलतात, पण बोरिवलीशी नेहमी उषाच बोलते, कारण बायकांना बायकांशी बोलायला बरं पडतं. मी शेजारी उभा होतो. आक्काचा आवाज रिसीव्हरच्या बाहेर येत होता.

"तिकीट भेटनं. त्याले सांग, मी काय पारसल शे का? भाऊ लेवाले उना तं येसू, नही तं नही."

मी उषाला खुणेने सांगितलं की आमच्या कंपनीत पार्सलची सोय अजून नाही, फक्त प्रवासी नेतात. विमानतळावर कंपनीची गाडी येईल, सामान हमाल उचलेल, हेही सांग म्हटलं. उषाने यातलं काही सांगितलं नाही. माझ्याकडे पाठ करून हळूच काहीतरी बोलली आणि फोन ठेवला.

आक्काला विमानाची भीती वाटत असावी. आमच्या घराण्यात ती असावी असं दिसतं. माझ्यात नाही.

३१ मार्च

आखाजी स्पेशल भरलं. जाताना सगळे भाऊ, येताना भाऊ आणि बहिणी अर्धे-अर्धे. एवढ्या बहिणी एका फेरीत मावत नाहीत, म्हणून कंपनीने खास माझ्यासाठी जादा फेरी लावली आहे. आशिषसाहेबांनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली. टायवाल्या माणसाने पाठ थोपटली की वेगळं वाटतं.

समोरचा भाईदास रस्ता ओलांडून आला. त्याच्या लक्झरी बस सुरत-मुंबई आणि सुरत-धुळे धावतात. विमान सुरू झाल्यापासून वराछाचे हिरेवाले त्याच्या बसमध्ये बसत नाहीत, सकाळी उडून जातात आणि रात्रीच्या जेवणाला घरी असतात. त्याने मुंबईची एक बस बंदही केली.

"भिकनभाऊ, तमारुं विमान तो सरस छे," तो म्हणाला, "पण टायर फुटलं तर बाजूला कुठे घेणार?"

मत्सर. दुसरं काय?

९ एप्रिल, मंगळवार

तीन दिवस विमान आलेलं नाही. आशिषसाहेब म्हणाले, निवडणुका आहेत, एका पुढाऱ्याला प्रचारासाठी भाड्याने दिलंय. म्हणजे कंपनीचं नाव दिल्लीपर्यंत जाणार. मी हे गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगितलं. एक हिरेवाला म्हणाला, पुढारी पोचतोय ते ठीक, मी कधी पोचणार? त्याला मी पेपरमिंट दिली.

१३ एप्रिल

विमान एकदा आलं आणि गेलं. मग नाही. आज विचारलं तर इंजिनाचं काम. पुढारी मात्र टीव्हीवर जीपमध्ये दिसला.

धुडकू दोनदा विचारून गेला. मी म्हटलं, १८ ला विमान तुझ्यासाठी थांबलेलं असेल. रात्री उषाने विचारलं, "आन् नही उनं तं?" मी चिडलो. प्रत्येक गोष्टीत वाईट बघायची सवय वाईट.

ती घडी घातलेलं नवं पातळ पिशवीत ठेवत होती. कुणासाठी म्हणून विचारलं नाही.

१७ एप्रिल, बुधवार

संपलं.

सकाळी कंपनीच्या रिंग रोडच्या ऑफिसात गेलो. शटर अर्धं खाली. जागेच्या मालकाने खुर्च्या बाहेर काढून फुटपाथवर रचल्या होत्या आणि त्यांवर तो स्वतः बसला होता. आत फक्त भिंतीवरचं कॅलेंडर. पेपरात चार ओळी आहेत. पेट्रोलवाल्यांनी पेट्रोल बंद केलं, पायलट निघून गेले आणि ज्या परदेशी मालकाचं विमान होतं त्याने ते परत नेलं. म्हणजे विमान कंपनीचं नव्हतंच! आमच्यासारखंच, भाड्याचं.

घरी येऊन सांगितलं. उषा म्हणाली, "आपली खोली बी भाडानी शे, पण ती जागावर तरी ऱ्हास."

मग तिने पाणी आणून दिलं आणि बूथची किल्ली उचलली. मी दुपारभर आडवा पडलो. बूथवर तीच बसली होती.

खरं सांगायचं तर मला कंपनीचं दुःख नाही. मी त्या सगळ्या भावांना सांगून बसलोय की बहीण मानाने येईल. दादर, ठाणं, कल्याण, जिथे तिथे बायका बॅगा भरून बसल्या असतील आणि दाराकडे बघत असतील. आणि आक्का? तिच्याकडे तर फक्त माझं तिकीट आहे. तेही आता कागद.

१९ एप्रिल, शुक्रवार, बोरिवली

काल एवढं झालं की लिहायला आज सकाळ उजाडली.

बूथ उघडायच्या आधीच सगळे भाऊ दारात उभे होते. काखेत पिशव्या, हातात सांजोऱ्यांचे डबे. मला वाटलं मार खाणार. धुडकू पुढे झाला, पण त्याचे डोळे भरले होते. मार परवडला असता.

"इमान गये खड्डामा," तो म्हणाला. "आते मन्ही बहीण कशी येई? तिनी सासरले सांगेल शे, मन्हा भाऊ इमानमा येस म्हणून."

रेल्वेचं विचारलं. आखाजी, लग्नं आणि निवडणूक एकाच आठवड्यात, पाय ठेवायला जागा नाही. टॅक्सीवाल्यांना विमान बुडाल्याची बातमी आमच्या आधी कळली होती, त्यांचे भाव विमानाच्या वर उडत होते. उरला भाईदास.

रस्ता ओलांडायला मला बराच वेळ लागला, हे मान्य करतो. त्याने मला बसवलं, चहा मागवला आणि माझ्या बोर्डाकडे बोट केलं. बंद ठेवलेली मुंबईची बस तो आत्ता काढायला तयार होता, पण अटी दोन. पहिली, बोंबील खाली उतरवायचा आणि त्या जागी त्याच्या बसचा बोर्ड लावायचा.

मी बशीतला चहा संपवला. मग म्हटलं, लाव.

"दुसरी अट?"

"तुम्ही स्वतः बसमध्ये बसायचं. माझ्या गाडीत तुमचे पॅसेंजर आहेत. वाटेत कुणी भांडलं तर तुमच्याशी भांडू दे."

धुडकूनेही तेच धरलं. "तू बी चाल. आमना डोयासमोर ऱ्हाय."

मी म्हटलं, काउंटर कोण सांभाळेल? कुठलं काउंटर, असं कुणीच विचारलं नाही, एवढी माणसं चांगली. तेवढ्यात उषा घरातून पिशवी घेऊन आली. पातळ, शेवया, गूळ, माझा धुतलेला सदरा. सगळं आधीच भरलेलं. बायकांची तयारी कधीकधी अशी अंदाजपंचे बरोबर निघते.

बसवर पेंटरने ओल्या रंगात ‘हवाईराणी’ लिहिलं होतं. चढतो तर दारात टाय लावून आशिषसाहेब! आदल्या दिवसापासून भाईदासकडे नोकरीला लागले होते. त्यांनी प्रत्येकाला पेपरमिंट दिली आणि "कृपया पट्टे बांधून घ्या" म्हणाले. पट्टे नव्हतेच. सवय, दुसरं काय? पहिल्या पाच मिनिटांत सगळे हसले आणि त्यानंतर माझ्याशी कुणी भांडलं नाही.

संध्याकाळी बोरिवलीच्या हायवेला बस थांबली. भाऊ आपापल्या दिशांना पांगले. मी चहाच्या टपरीवर थांबलो. एक चहा घेतला, मग दुसरा. मग वाटलं, इथपर्यंत आलोच आहे तर बसस्टॉपवरच रात्र काढावी आणि उद्या सगळ्यांना घेऊन जावं. आक्काला फोन करून सांगावं, एसटीने ये. पण पिशवीत पातळ होतं आणि ते पातळ टपरीवाल्याला देण्यासारखं नव्हतं.

दुसरा मजला. तोच जिना, तीच जाळी. मी बेल वाजवली आणि एक पायरी खाली उतरून उभा राहिलो.

दार सासूबाईंनी उघडलं. खूप वाकल्या आहेत. माझ्याकडे पाहत राहिल्या. मग जाळीचं दारही सरकवलं आणि आत तोंड करून मोठ्याने ओरडल्या, "सरला! तुन्हं मूळ उनं वं, मुराळी उना!"

आक्का स्वयंपाकघरातून धावत आली. हात पुरणाने माखलेले. पुरण! आज कशाला शिजवलं असेल, मी येणार हे कुणाला माहीत होतं? तिने काही विचारलं नाही. शेजारच्या तिन्ही दारांपुढे जाऊन तिने सांगितलं, "मन्हा भाऊ उना. मन्हा भाऊ लेवाले उना." आवाज असा की तळमजल्यापर्यंत गेला असेल. विमान आलं असतं तरी एवढा आवाज झाला नसता.

मी आत जायला लागलो तर सासूबाईंनी हात आडवा धरला. मी म्हटलं, झालं, पुन्हा. पण त्या तांब्या घेऊन आल्या. दारातच, जिथे पोरं पाणी प्यायली होती तिथे, वाकता येत नाही तरी वाकल्या आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. मी पाय मागे घेतले. त्यांनी घोटा धरून ठेवला.

"त्या दिन मी दार उघाडं नही," त्या म्हणाल्या. "घरमा तान्हं लेकरू व्हतं. मले भेव लागना. पन तू गया आन् परत उनाच नही रे भाऊ. मझार ये."

मी ओल्या पायांनी आत गेलो. शेजारी कुणीतरी मिरच्या तळत असावं, डोळ्यांत फार धूर गेला.

रात्री जेवताना आक्काने माझ्या पानात चार वेळा पोळी वाढली. विमान कंपनी बुडाल्याचं मी तिला नीट समजावून सांगितलं, पेट्रोल, पायलट, परदेशी मालक. ती मध्येच म्हणाली, "बरं जायं." बरं झालं, बरं झालं, असं इतक्यांदा म्हणाली की मला वाटलं तिला विषय कळलेलाच नाही.

तिकीट तिने देव्हाऱ्यात ठेवलं होतं.

२० एप्रिल, आखाजी

काल परतीच्या बसमध्ये भाऊ कमी आणि आवाज बहिणींचा जास्त. आशिषसाहेब पेपरमिंट वाटून थकले. आक्का खिडकीशी बसली होती. मी दोनदा तिची माफी मागितली, विमानात तासही लागला नसता, इथे सगळा दिवस धुळीत गेला. ती म्हणाली, लांब आहे तेच बरं आहे.

आज लूम बंद. धुडकूच्या शेडमध्ये एरवी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आज तिथे आढ्याला दोर टाकून झोके बांधले. उषा आणि आक्का एका झोक्यावर उभ्या राहून इतक्या वर गेल्या की मी खालून ओरडलो, सांभाळून! दोघींनी मला बघून तोंडाला पदर लावला. त्या दोघींचं आपसात काही तरी शिजलेलं आहे. विचारलं तर उषा म्हणते, पुरण.

२९ एप्रिल

एका दुसऱ्या विमान कंपनीचा माणूस सकाळी आला. सुरत मोकळी पडलीय, त्यांचं विमान दिवाळीत सुरू होईल, एजन्सी घ्याल का? त्याच्याकडेही डायरी होती, हिरवी. मी त्याला रस्त्यापलीकडे भाईदासकडे पाठवलं. भाईदास म्हणे आता स्वतःच विमानाची चौकशी करतो आहे. मी त्याला जाऊन विचारलं, टायर फुटलं तर बाजूला कुठे घेणार? तो पोट धरून हसला.

माणूस गेल्यावर उषा म्हणाली, एजन्सी घ्यायची होती, आपण सांभाळलं असतं. मी म्हटलं, दिवाळीला भाऊबीज असते. मला स्वतःला जावं लागेल. काउंटर कोण बघेल?

५ मे, रविवार

आक्काला आज पोचवून आलो. दाजी न्यायला येतो म्हणत होते, पण मीच नको म्हटलं. रस्ता आता मला पाठ आहे.

सामान पुष्कळ होतं. उषाने सासूबाईंसाठी पापड, कुरडया आणि सुरतेची घारी दिली होती. जिन्यात मी पुढे होतो. दुसऱ्या मजल्यावर पोचलो आणि बेल वाजवायला हात वर केला. वाजवावी लागली नाही. जाळीचं दार आधीच उघडं होतं आणि त्याला आत, भिंतीशी, दोरीने बांधून ठेवलं होतं.

मी सरळ आत गेलो. मला राग कधी नव्हताच. वेळ मिळत नव्हता, एवढंच.